ड्रायव्हरशी बोलू नये

माझ्या नवऱ्याला दोन बायका. एक मी आणि दुसरी एम्मा. एम्मा म्हणजे पिवळ्या पट्ट्याचं, चार माणसं बसतील एवढं जुनं विमान. ते आमच्या थोरल्या लेकीपेक्षाही वयानं मोठं आहे. सवतीला डोक्यावर छप्पर आणि माझी गाडी बारा महिने बर्फापाण्यात बाहेर. हे सगळं लीलंडने लग्नाआधीच सांगितलं होतं, त्यामुळे मला तक्रारीला जागा नाही. तरी मी करते.

लीलंड वावरा हा वेसेली गावचा विमानातून औषध मारणारा फवारणीवाला. नेब्रास्कातल्या या कोपऱ्यात मक्याचं असं शेत नसेल, ज्याच्यावरून तो विजेच्या तारांना चुकवत उडाला नाही. म्हातारपणी त्याने तो धंदा पुतण्याच्या हवाली केला आणि एम्माला घेऊन नुसता हौसेने हिंडायला लागला. मग गेल्या उन्हाळ्यात कुचेरांच्या मुलीचं लग्न आलं. लीलंड गावच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवत होता, पोल्का नाच ऐन रंगात आला होता, आणि हा वाद्यासकट मागे पितळी ट्यूबा फुंकणाऱ्याच्या मांडीवर कोसळला. जरा वेळाने उठला आणि राहिलेला पोल्काही त्याने वाजवला. पण डॉक्टरांना कारण काही सापडलं नाही, आणि कारण सापडत नाही हेच वाईट, असं विमानखात्याच्या डॉक्टरांनी ठरवलं. उगाचच्या उगाच बेशुद्ध पडणाऱ्या माणसाने एकट्याने विमान चालवायचं नाही. लीलंडचा परवाना कागदावर राहिला आणि आकाश गेलं.

तेव्हापासून तो रोज सकाळी धावपट्टीवर जायचा, हँगरच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकायचा आणि खिडकीतलं मांजर चिमण्या बघतं तसा वर बघत बसायचा. घरी आला की बोलायचा नाही. एकदा तर न सांगता भांडी घासली, तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

"ओमाहाचा एक दातांचा डॉक्टर आहे," एका रात्री जेवताना तो म्हणाला. "हालवर्सन. त्याला एम्मा हवीय. सप्टेंबरच्या न्याहारीला येईल आणि घेऊन जाईल."

न्याहारी म्हणजे आमच्या धावपट्टीवरची. दर सप्टेंबरात एका रविवारी गावचे आगीचे बंबवाले पॅनकेक करतात, आम्ही बायका कोलाचे, म्हणजे मधे खसखस नाहीतर जॅम भरलेले गोड पाव, भाजतो आणि आसपासच्या गावांतले लोक आपापली विमानं घेऊन खायला येतात.

"तू हो म्हणालास?"

"उभं विमान गंजतं, आर्लीन. डॉक्टर चांगला माणूस आहे. नीट ठेवेल तिला."

"पोरगी दिल्यासारखं बोलतोयस."

"पोरगी देताना एवढा विचार केला नव्हता," तो म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं. एम्मा गेली तर हा खुर्चीसुद्धा टाकणार नाही, नुसता घरात बसेल आणि भांडी घासेल. चालवायला कोणी हवंय ना, मग मी शिकते. हे सांगितल्यावर लीलंड कितीतरी महिन्यांनी हसला. मला राग आला, पण तो हसला याचं बरंही वाटलं.

"तू? विमान?"

"जन्मभर शाळेची बस चालवली मी. पुढे बर्फ आणि मागे पन्नास पोरं. विमानात मागे कोण असतं?"

शिकवायला मिळाली ट्रिनिटी स्वोबोडा. बालवाडीपासून बारावीपर्यंत ही पोरगी माझ्या बसने शाळेत गेली. पुढच्या पोराच्या केसांत च्युइंगम चिकटवलं म्हणून मी तिला महिनाभर माझ्या मागच्या सीटवर, स्वतःच्या हातांवर बसवून नेलं होतं. चुळबुळ्या हातांना माझ्या बसमध्ये तीच शिक्षा असायची. आता ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मिस आर्लीन, पट्टा बांधा."

"बांधलाय, बाळ. तुझा बघ."

तिने आपला बांधला.

पहिल्याच दिवशी तिने एक नियम शिकवला. विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर तोंडाने म्हणायचं, "विमान तुझं." घेणाऱ्याने म्हणायचं, "विमान माझं." मग देणाऱ्याने पुन्हा, "विमान तुझं." म्हणजे दोघंही धरून ओढताहेत किंवा दोघांनीही सोडून दिलंय, असं व्हायला नको. आमच्या संसारात हा नियम आधीपासून असता तर बऱ्याच कपबशा वाचल्या असत्या.

मी मात्र पहिल्याच दिवशी तिला घाम फोडला. धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर मी विमान थांबवलं आणि दार उघडलं. वारा आत घुसला, तिचा नकाशा मागच्या सीटवर उडाला.

"मिस आर्लीन, कोण चढणार आहे?"

"कोणी नाही. गाडी येतेय का बघते."

आमच्याकडे शाळेच्या बसने रेल्वेच्या रुळांपाशी थांबायचं, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मगच रूळ ओलांडायचे, असा कायदा आहे. इतकी वर्षं केल्यावर तो कायदा डोक्यात राहत नाही, हातात जातो.

"इथे गाडी येत नाही," ट्रिनिटी म्हणाली.

"विमान येतं ना."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तेव्हा तिने नाद सोडला आणि पुढच्या वेळेपासून नकाशा मांडीखाली दाबून बसायला लागली.

लीलंड कुंपणापाशी उभा राहून हातवारे करायचा. मी नाक वर केलं की त्याचे हात खाली, मी खाली केलं की वर. एकदा ट्रिनिटीने दया येऊन त्याला मागच्या सीटवर घेतलं. ती मोठी चूक झाली. मी प्रत्येक वेळी उतरताना तो असा कण्हायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं याचा दात काढताहेत.

"आता थ्रॉटल कमी... अजून... आता नाही गं, आता वाढव. वाढव ना."

ट्रिनिटीने चष्मा काढला आणि मागे वळली. "मिस्टर वावरा, बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी होती. काय लिहिलं होतं तिच्यावर?"

लीलंडला ती पाटी पाठ होती. त्यानेच रंगवून दिली होती. "ड्रायव्हरशी बोलू नये," तो पुटपुटला.

"आणि हात?"

लीलंडने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पण बसला बिचारा हातांवर. त्यानंतर मात्र तो मागे बसायला आला नाही. म्हणाला, गुडघे दुखतात.

जूनमध्ये एका सकाळी चारदा उतरून झाल्यावर ट्रिनिटी एकदम खाली उतरली, दार लावलं आणि बाहेरून म्हणाली, "आता एकटीने तीन फेऱ्या." एवढंच. मी धावपट्टीच्या तोंडाशी थांबले, दार उघडलं, बघितलं, लावलं आणि गेले. रिकामी सीट शेजारी असली की एम्मा भलतीच हलकी होते आणि चढताना थांबायचं नाव घेत नाही. मला भीती वाटली का, असं सगळे विचारतात. मी बडबडत होते. मोठ्याने, एम्माशी. सवतीशी एवढं गोड मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

तिसऱ्यांदा उतरून इंजिन बंद केलं तर ट्रिनिटी कात्री घेऊन उभी. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या शर्टाचा पाठीमागचा भाग कापायचा, त्याच्यावर नाव लिहायचं आणि हँगरच्या भिंतीवर ठोकायचा, ही सगळ्या धावपट्ट्यांवरची रीत. जुन्या काळी शिकणारा पुढे बसायचा आणि शिकवणारा मागून शर्ट ओढून त्याला सांगायचा, डावीकडे घे, उजवीकडे घे. एकटं उडता यायला लागलं की ओढायला शर्ट कशाला हवा. लीलंडचाही निळ्या चौकडीचा तुकडा त्या भिंतीवर आहे, विटून पांढरा झालेला.

रीत मला माहीत होती. फक्त आजच होईल हे माहीत नव्हतं. माझे शर्ट धुण्यात होते म्हणून मी लीलंडच्या कपाटातला हाताला लागला तो घातला होता. कात्रीचा आवाज थांबला आणि लीलंड कुंपणापासून पळत आला. त्या वयात पळत आला.

"तो माझा बँडचा शर्ट आहे."

होताच. लाल, कॉलरवर भरतकाम असलेला, त्याच्या आईने शिवलेला. ट्रिनिटीच्या हातात त्याची पूर्ण पाठ होती. त्यानंतरच्या शनिवारी नाचाला लीलंडने तोच घातला आणि रात्रभर लोकांकडे तोंड करून वाजवलं. पाणी प्यायलासुद्धा उलट्या पावलांनी गेला. पण तो तुकडा त्याने स्वतः भिंतीवर ठोकला, आपल्या निळ्या तुकड्याच्या शेजारी, आणि दोनदा सरळ केला. मला वाटलं, झालं, माणूस ताळ्यावर आला.

परीक्षा न्याहारीच्या आधीच्या गुरुवारी. पास झाले तर परवाना, आणि परवाना मिळाला तरच कोणाला तरी शेजारी बसवून नेता येणार. परीक्षक लिंकनहून आले, गुंडरसन नावाचे, जळजळीच्या गोळ्या चघळणारे. तोंडी परीक्षेत त्यांनी दोन तास ढगांबद्दल आणि वजनाबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं. धावपट्टीच्या तोंडाशी मी दार उघडलं तेव्हा त्यांनी नुसती एक गोळी तोंडात टाकली. वर गेल्यावरही सगळं ठीक चाललं होतं. मग ते म्हणाले, "समजा, पुढे वादळ आहे. मला इथून लिपोवला घेऊन चला. किती वेळ लागेल?"

"आठ मिनिटं," मी नकाशा बघून म्हटलं, आणि ते बरोबर होतं.

पण लिपोवला आमची शाळा. वेसेलीहून लिपोव, रोज सकाळी, जन्मभर. कुचेरांची धान्याची कोठी दिसली आणि माझे हात उजवीकडे वळले. पुढे नोवोत्नींचं तळं आलं, हात पुन्हा उजवीकडे. आमच्याकडे रस्ते सगळे पट्टीने आखल्यासारखे काटकोनात, त्यामुळे वळणंही अगदी काटकोनात घेतली. सुरेख घेतली, हे सांगायला हवं.

"मिसेस वावरा," गुंडरसन म्हणाले, "आपण कुठे चाललोय?"

"लिपोवला."

"लिपोव मघाशी समोर होतं. मग डावीकडे गेलं. आता ते आपल्या पाठीमागे आहे."

"ह्रुस्कांची धाकटी इथे चढायची," मी म्हटलं, आणि स्वतःचा आवाज ऐकल्यावर एम्माचं नाक लिपोवकडे वळवलं.

लिपोव आलं तेव्हा आठाची वीस मिनिटं झाली होती. गुंडरसननी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. "उतरवता छान," ते म्हणाले. "पण इंधन तुम्ही आठ मिनिटांचं धरलंत आणि सगळ्या पोरांना गोळा केलंत. एवढा भाग पुन्हा द्यावा लागेल. शनिवारी येतो."

घरी जायच्या आधी मी हँगरमध्ये गेले. लीलंड एम्माच्या पंखाला फडक्याने चकाकी आणत होता, डॉक्टरसाठी. मी सांगितलं, नापास झाले. तो म्हणाला, "अरेरे." पण त्याचे खांदे खाली आले. माणसाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर खांदे वाचता येतात.

"तुला बरं वाटलं," मी म्हटलं.

"तसं नाही."

"लीलंड, तुला बरं वाटलं."

तो एकाच जागी पुसत राहिला. "तू पास झालीस तर मला उजवीकडे बसावं लागेल," तो म्हणाला. चालवणारा डावीकडे बसतो, विमानात काय आणि आमच्याकडच्या गाड्यांत काय.

"मग?"

"जन्मात बसलो नाही मी तिथे. पट्टा बांधून, बटाट्याच्या पोत्यासारखं. सगळं गाव बघणार, लीलंडला त्याच्या बायकोने फिरवून आणलं. मला नाही व्हायचं प्रवासी, आर्लीन. त्यापेक्षा एम्मा गेलेली बरी."

"मग मी शिकले कोणासाठी?"

"मी सांगितलं होतं शिकायला?"

नव्हतं सांगितलं. हे खरं असल्यामुळेच मला इतका संताप आला, की मी गाडी घेऊन निघून आले आणि त्याला सात मैल पुतण्याच्या ट्रकमधून यावं लागलं. उजवीकडे बसून.

शनिवारी गुंडरसननी मला मुद्दाम पुन्हा लिपोवलाच न्यायला सांगितलं. मी दात आवळले आणि सरळ गेले. कुचेरांच्या कोठीवरून सरळ, नोवोत्नींचं तळं लांब उजवीकडे सोडून सरळ. ह्रुस्कांचं घर टाकून जाताना जीव तुटला, ती पोरगी आता दोन मुलांची आई आहे तरी. आठ मिनिटांत शाळेचं छप्पर दिसलं. खाली आल्यावर गुंडरसननी परवान्याचा कागद माझ्या हातात ठेवला आणि पहिल्यांदाच हसले. ट्रिनिटीने मला मिठी मारली. घरी सांगितलं तर लीलंड "छान" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करत राहिला. आम्ही गुरुवारपासून कामापुरतंच बोलत होतो.

रविवारी सकाळी गवतावर पंचवीसेक विमानं उभी होती आणि पॅनकेकची रांग बंबाच्या मागेपर्यंत गेली होती. डॉक्टर हालवर्सन बायकोबरोबर गाडीने आला. उंच, नम्र, आणि दात अर्थातच उत्तम. लीलंडने त्याला एम्माभोवती फिरवलं, प्रत्येक खिळ्याची कहाणी सांगितली आणि मग खिशातून किल्ली काढली. त्याचा हात पुढे जात होता तेवढ्यात मी ती उचलली.

"डॉक्टर, जरा थांबा," मी म्हटलं. "कोलाचे खाऊन घ्या, खसखशीचे संपतील. मला परवाना मिळालाय आणि अजून एकालाही मी शेजारी बसवलेलं नाही. एक फेरी मारून आणते. चल, लीलंड."

रांगेतल्या माना वळल्या. पॅनकेक उलटणारासुद्धा थांबला.

"ट्रिनिटीला ने," लीलंड हळूच म्हणाला.

"ट्रिनिटीला पोटभर नेलंय. चल."

"आर्लीन, सगळे बघताहेत."

"बघू देत. मला एक सांग. लग्न झाल्यापासून मी तुझ्या उजवीकडे बसलेय. एम्मात, ट्रकमध्ये, चर्चमध्ये. मी पोतं होते का?"

हे मी ठरवून आले नव्हते. मग लीलंड एम्माकडे गेला, सवयीने डावीकडचं दार उघडलं, तिथे क्षणभर उभा राहिला, ते लावलं, आणि पुढून वळसा घालून उजवीकडे जाऊन बसला. पट्टा बांधला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

धावपट्टीच्या तोंडाशी मी थांबले आणि दार उघडलं. तो काही म्हणणार असं वाटलं. त्याने एक हात काढला, आपल्या बाजूचं दार उघडलं, मान बाहेर काढून वर बघितलं आणि पुन्हा लावलं. "इकडून काही नाही," तो म्हणाला, आणि हात परत मांडीखाली गेला.

एम्मा वर आली. खाली मका वाळायला लागला होता, चर्चचा मनोरा ऊन खात होता. लीलंड समोर बघत होता, त्याचा जबडा घट्ट होता. मी विमान सरळ केलं, सगळे काटे जागेवर आहेत हे बघितलं आणि म्हटलं, "विमान तुझं."

तो माझ्याकडे बघायला लागला.

"नियम ट्रिनिटीचा आहे. तोंडाने बोलायचं असतं."

त्याने हात बाहेर काढले. ते सुकाणूवर ठेवले. "विमान माझं," तो म्हणाला.

"विमान तुझं," मी म्हटलं, आणि माझे हात माझ्या मांड्यांखाली घातले.

त्याने काही करामत केली नाही. नुसता ओढ्याच्या कडेकडेने गेला, आपल्या जुन्या शेतांवरून, सावकाश. एकदा पंख कलवून पुतण्याच्या घराकडे बघितलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मीही पुसलं नाही. मी नुसती बसून राहिले आणि मला इतका आनंद झाला होता, की तो सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

मग धावपट्टी दिसायला लागली. उतरवायचं मलाच होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मागायचं की नाही? मी नाही मागितलं. तो जवळ गेला, आणखी जवळ गेला, विमानांची रांग आणि बंबाचा लाल रंग दिसायला लागला. मी हात मांड्यांखाली आणखी दाबले. अगदी उतरायला वळायच्या जागेशी त्याने एक मोठा श्वास सोडला.

"विमान तुझं," तो म्हणाला.

"विमान माझं."

"विमान तुझं." आणि हात मांडीखाली.

उतरताना एम्माने एक चांगलीच उडी मारली. तो कण्हेल म्हणून मी वाट बघितली. कण्हला नाही. इंजिन बंद केल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"ड्रायव्हरशी बोलायचं नसतं," लीलंड म्हणाला आणि बाहीने तोंड पुसून उतरला.

हालवर्सन हातात ताटली घेऊन पुढे आला. "मिस्टर वावरा, कसं वाटतंय इंजिन? उडी जरा मोठी होती, चाकांना काही झालं नाही ना?"

सगळी रांग ऐकत होती. लीलंडने खिशात हात घातले.

"मला काय विचारता, डॉक्टर," तो म्हणाला, चांगला मोठ्याने. "मी प्रवासी. विकायचं की नाही तेही पायलटलाच विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळला. मी किल्ली माझ्या खिशात टाकली आणि त्याला विचारलं, खसखशीचे मिळाले ना.